गैरहजर

24 मार्च 2020, मंगळवार

रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर बोलले. आज रात्री बारापासून 21 दिवस सगळा देश बंद. भाषण संपायच्या आत हिने पिशवी हातात दिली आणि मी निघालो. किराणा दुकानापुढे अर्धं गाव उभं होतं. तेल, मीठ, साबण, चहापत्ती. उद्या पाडवा, पण साखरेच्या गाठी आणायच्या राहूनच गेल्या होत्या. दुकानदाराने खुंटीवरची शेवटची माळ काढून दिली. ती पिशवीत टाकताना माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप डोळ्यांसमोर आले. ते अजून उसातच आहेत.

माझ्या तिसरीच्या वर्गाचा पट 27. त्यातल्या 11 मुलांच्या घरचे दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. यंदा सात मुलं गावात आजीआजोबांजवळ राहिली. त्यांचं दोन वेळचं जेवण शाळेतल्या हंगामी वसतिगृहात व्हायचं. उरलेली चार आईबापांबरोबर फडात गेली. मार्चच्या मध्यावर शाळा बंद झाली तसं वसतिगृहही बंद झालं. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द, सगळी मुलं वर चढवली. मुलांना आनंद झाला. मला मात्र त्या सात ताटांचं काय, हेच सुचेना.

25 मार्च

गुढी उभारली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कडुलिंबाचा पाला वाटतानाच एका पालकाचा कोल्हापूरकडून फोन आला.

"सर, गावाकडं कसं काय?"

"सगळं बंद आहे. तुम्ही कधी निघताय?"

"अजून पट्टा पडला नाही ओ, हंगाम संपला नाही. तोडणी चालूच आहे आमची."

देश बंद, पण साखर कारखाने सुरू ठेवायला परवानगी आहे. घराबाहेर पडू नका असं सगळ्यांना सांगितलं आहे, आणि ही माणसं पाचटाच्या खोपटात, कोपीत राहतात. पहाटे बाहेर पडायचं तेही अंधारात, टोळीबरोबर. घर नावाची गोष्ट त्यांच्याजवळ आत्ता नाहीच. मी "काळजी घ्या, तोंडाला रुमाल बांधा" म्हणालो आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तसाच बसून राहिलो.

2 एप्रिल

शाळेत शिल्लक असलेला पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळी मुलांना घरपोच वाटायच्या आहेत. आज ते केलं. वजनकाटा, पोती, पटाची यादी. मुलांना रांगेत उभं करायचं नाही म्हणून मी आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशी दारोदार गेलो. एका आजीने पदरात तांदूळ घेतला आणि तिथंच थोडा बाजूला काढून ठेवला. "पोरगी अन् तिची लेकरं आली म्हंजे लागंल," म्हणाली.

7 एप्रिल

तहसीलमधून ड्यूटीचं पत्र आलं. जिल्ह्याच्या हद्दीवर, जामखेडकडून येणाऱ्या रस्त्याच्या चेकपोस्टवर. पोलीस, आरोग्यसेवक आणि आम्ही शिक्षक. आठ-आठ तासांच्या पाळ्या.

गावोगाव लोकांनी शिवेवर बाभळीच्या काट्या टाकल्या आहेत. काही ठिकाणी तर जेसीबीने रस्ताच खणला. जिल्ह्यात रुग्ण बोटावर मोजण्याइतके, पण भीती घराघरात. पुण्या-मुंबईहून आलेला पोरगा आपल्याच घरच्या ओट्याला परका झाला आहे.

ताडपत्रीचा मांडव, एक टेबल, पाण्याचा जार आणि एक लांबलचक रजिस्टर. नाव, गाव, कुठून आले, कुठे जाणार, बरोबर किती माणसं, ताप, मोबाईल नंबर, सही किंवा अंगठा. बारा वर्षं मी रोज एकच रजिस्टर भरत आलो, मुलांच्या हजेरीचं. तिथं नाव पुकारलं की मुलं आत येतात. इथं नाव लिहून घ्यायचं ते थांबवण्यासाठी.

मांडवाच्या खांबाला जमावबंदीचा आदेश चिकटवला आहे. त्यात साथरोग अधिनियम, 1897 असा उल्लेख आहे. दुपारी वर्दळ नसते तेव्हा माझी नजर त्या सालावरच जाते. हे साल मी मुलांना दर जानेवारीत सांगत आलो आहे. पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवलं. त्यात त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. ज्या साथीसाठी हा कायदा झाला, त्याच साथीत त्या गेल्या. मुलं दरवर्षी विचारतात, "सर, त्यांना भीती नाही वाटली?" मी उत्तर देतो, "वाटली असेल, पण मूल आजारी होतं ना." आता हातात तापमापक आहे आणि माणूस हातभर लांब उभा राहावा म्हणून मी खडूने रस्त्यावर चौकोन आखले आहेत. खडू शाळेतलेच.

20 एप्रिल, रात्री

हे आज लिहून काढलं नाही तर झोप लागणार नाही.

ऊसतोड मजुरांना घरी जाऊ द्यायचं, असं सरकारने 17 तारखेला जाहीर केलं. आधी कारखान्यावर तपासणी, मग याद्या, मग प्रवास. काल रात्रीपासून गाड्या यायला लागल्या. आजची माझी पाळी पहाटेची. ट्रक, ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या. वर संसार: पत्र्याच्या पेट्या, पिंपं, चुलीची लोखंडी शेगडी, कोंबड्यांची खुराडी, शेळ्या. त्यांच्या मधे माणसं. सहा महिने ऊन खाऊन काळवंडलेली, आणि आता तोंडाला बांधलेल्या फडक्यांमुळे आणखीच ओळखू न येणारी.

एक म्हातारा गाडीतून उतरेना. म्हणाला, "आमी काय रोग घेऊन आलोत का सर? मळ्यात होतो आमी. माणूस दिसला नाही तिकडं." त्याचं म्हणणं खरंच होतं. रोग विमानाने आला, शहरात उतरला. ज्यांनी बस सोडून दुसरं वाहन पाहिलं नाही त्यांना आज सगळे संशयाने पाहत होते. पण ते बोलायची ती जागा नव्हती. "बाबा, दोन मिनिटं, फक्त ताप बघतो," एवढंच मी म्हणालो.

चौथ्या ट्रॉलीतून एक मुलगी खाली उतरली. कडेवर धाकटा भाऊ. आईच्या मागून चालत चौकोनात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी मास्क लावलेला, डोक्याला उपरणं. मी मान वर न करता विचारलं, "नाव?"

तिने नाव सांगितलं. पूर्ण. वडिलांचं नाव, आडनाव, आणि पुढे सवयीने, "इयत्ता तिसरी."

माझा हात थांबला. हे नाव मी नोव्हेंबरपासून रोज लिहीत होतो, दुसऱ्या रजिस्टरमध्ये. पुढे रोज "गै". जाताना तिला शिक्षण हमी पत्रक दिलं होतं, म्हणजे तिकडे जिथं जाईल तिथल्या शाळेने तिला वर्गात बसवून घ्यावं. कारखान्याजवळची शाळा कोपीपासून तीन किलोमीटर होती, तिच्या आईने सांगितलं. धाकट्याला कोण सांभाळणार? पत्रक मात्र पेटीत जपून ठेवलं होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर.

"वळखलं का सर?" आईने विचारलं.

ओळखलं होतं. आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवायला मी उठलोही होतो. शेजारच्या आरोग्यसेवकाने नुसतं "सर" म्हटलं आणि मी खाली बसलो. तिचा ताप बघितला. भावाचा बघितला. आईने अंगठा दिला. मुलगी म्हणाली, "मी सही करते," आणि तिने त्या छोट्याशा रकान्यात जोडाक्षरासकट स्वतःचं नाव लिहिलं. पाच महिने वही हातात नव्हती तरी अक्षर मोडलं नव्हतं.

त्यांना घरी जाता येणार नव्हतं. 14 दिवस वेगळं राहायचं, गावाने जागा ठरवली होती. ती जागा म्हणजे आमची शाळा.

23 एप्रिल

शाळेत नऊ कुटुंबं आहेत. माझ्या वर्गात तीन. बाकं व्हरांड्यात रचली आहेत. जेवण त्यांच्या घरची माणसं फाटकाशी ठेवून जातात. त्या दिवशी तांदूळ बाजूला काढून ठेवणारी ती आजी रोज दोन वेळा येते, डबा ठेवते, दहा पावलं मागे जाते आणि लेक डबा उचलून आत जाईपर्यंत उन्हात उभी राहते.

आत एकूण 14 मुलं. त्यातली चार माझी. नोव्हेंबरपासून माझ्या हजेरीपटावर गैरहजर असलेली मुलं आता रात्रंदिवस माझ्या वर्गात आहेत, आणि मला फाटकाच्या आत पाय टाकायला बंदी आहे. हे लिहितानाही गळा दाटून येतो. मी त्यांना शाळेत आणण्यासाठी काय काय केलं होतं! पालकसभा घेतल्या, ऊसतोडीला टोळ्या नेणाऱ्या मुकादमाला भेटलो, आजीला विनवलं. शेवटी त्यांना शाळेत आणलं ते साथीने.

मोबाईलवर रोज 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला येते. चांगली केली आहे, मनापासून सांगतो. पण माझ्या 27 पैकी व्हॉट्सॲप गटात नऊ नंबर आहेत. त्यातही फोन बापाच्या खिशात, आणि बाप रानात. म्हणून मी कालपासून दुसरं सुरू केलं. पाळी संपली की घरी जाऊन अंगणात आंघोळ करतो आणि संध्याकाळी शाळेच्या मागच्या बाजूला, कुंपणाच्या तारेबाहेर लिंबाखाली उभा राहतो. आतली मुलं खिडकीत येतात. मी मोठ्याने विचारतो, ती मोठ्याने उत्तरं देतात. पाढे, शुद्धलेखन, गोष्ट. खडू आणि फळा त्यांच्याकडे, मी लांबून बघतो.

आज दुसऱ्या दिवशी एका बाईने खिडकीतून विचारलं, "सर, मोठ्या माणसानं बसलं तर चालतं का?"

चालतं की.

29 एप्रिल

तीन आया सही शिकत आहेत. त्यांच्या मुली त्यांचा हात धरून गिरवून घेतात. मला लांबून अक्षर नीट दिसत नाही, म्हणून फळ्यावर मोठं लिहायला सांगतो.

एक जण म्हणाली, लग्नाला 11 वर्षं झाली, दिवसाउजेडी नुसतं बसून राहायची ही पहिलीच वेळ.

4 मे

14 दिवस संपले. सगळे ठणठणीत. तपासणी करून घरी सोडलं. फळ्यावर नऊ बायकांची नावं होती, कुणीच पुसली नाहीत. मीही पुसली नाहीत.

8 मे

सकाळी औरंगाबाद जिल्ह्यातल्या करमाडजवळची बातमी आली. जालन्याहून मध्य प्रदेशात घरी जायला पायी निघालेले मजूर रेल्वेरुळावर झोपले, गाड्या बंद आहेत असं समजून. मालगाडी आली. 16 जण गेले. रुळावर पडलेल्या भाकरी टीव्हीवर दाखवत आहेत. मी टीव्ही बंद केला.

आमच्या चेकपोस्टवरूनही असे पायी चालणारे जातात. त्यांना पाणी देतो, रजिस्टरमध्ये लिहितो. "पुढे कसे जाणार?" या रकान्यात मी अनेकदा "पायी" असं लिहिलं आहे. आज पाळीवर गेल्यावर मागची पानं उलटून ते शब्द मोजायला लागलो आणि अर्ध्यावर सोडून दिलं.

31 मे, रविवार

चौथा टप्पा आज संपतो. 25 मार्चपासून 68 दिवस झाले. उद्यापासून हळूहळू उघडणार म्हणतात. शाळा कधी, ते अजून कुणी सांगत नाही. एरवी 15 जूनला आम्ही मुलांना फुलं देऊन वर्गात घेतो.

शहरातले माझे मित्र फोनवर सांगतात, मुलांची शाळा अशी अचानक तुटली, मित्र तुटले, दिवसाचा ताल गेला, पोरं चिडचिडी झाली. त्यांचं दुःख खरं आहे, माझा स्वतःचा मुलगाही तसाच झाला आहे. पण ऐकताना मला सतत वाटतं, आमच्या गावातल्या काही मुलांची शाळा दरवर्षी दिवाळीला अशीच तुटते. मित्र तुटतात, घर तुटतं, आई पहाटे दोनला फडात जाते. त्याला कुणी लॉकडाऊन म्हटलं नाही, त्यासाठी रात्री आठला कुणी भाषण केलं नाही. या दोन महिन्यांत सगळ्या देशाला जे कळलं ते या लेकरांना सहाव्या वर्षापासून माहीत आहे.

आज नवा हजेरीपट आखायला घेतला. चौथी, पट 27. चेकपोस्टवर सही करणाऱ्या त्या मुलीचं नाव लिहिलं आणि तिच्या घरी गेलो. ती अंगणात भावाला पाढे म्हणायला लावत होती. आजी ओट्यावर निवडत बसली होती. मुकादमाचा फोन येऊन गेला म्हणाली. पुढच्या हंगामाची आगाऊ उचल द्यायला तयार आहे, आणि दीड महिना बसून खाल्ल्यावर नाही कसं म्हणायचं.

"या वर्षी हिला माझ्यापाशी ठेवते," आजी म्हणाली. "पण सर, वसतिगृह चालू होईल ना? शाळाच नसंल तर माझ्याच्यानं दोघांचं व्हायचं नाही."

मी वहीत तिचं आणि तिच्या भावाचं नाव लिहून घेतलं. बाकीच्या दहा घरीही उद्या जाऊन येतो, म्हणजे जूनमध्येच यादी हातात असेल.