लष्करी ओव्हरकोटाचा शोध : माझा अनुभव

आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या नव्या नाटकात इटलीच्या आघाडीवरून १९४६ साली गावी परतलेला एक हवालदार आहे आणि संपूर्ण पहिल्या अंकात तो अंगातला लष्करी ओव्हरकोट काढत नाही. वेशभूषा माझ्याकडे असल्यामुळे हा कोट मिळवण्याचे काम ओघानेच माझ्यावर आले. ड्रेपरीवाल्यांकडे भाड्याने मिळणारे कोट पॉलिस्टरचे, चकचकीत आणि वजनाला हलके होते. ते घातलेला नट लढाईहून आलेला सैनिक न वाटता वरातीतला बँडवाला वाटे. मला हवा होता तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला पायदळाचा ओव्हरकोट : दाट, जड खाकी लोकरीचा, पुढे बटणांच्या दोन रांगा असलेला आणि १९४० च्या नमुन्याप्रमाणे पाठीवर आडवा अर्धा पट्टा असलेला.

नाशिकला शरणपूर रस्त्यावरच्या तिबेटी बाजारात लोकरीचे कपडे मिळतात, पण ते नवे. त्यामुळे तिकडे जाण्यात अर्थ नव्हता. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात मात्र मी नेमाने जात राहिले. तिथे जुन्या कपड्यांच्या ढिगात शाळेचे ब्लेझर, लग्नातले सूट आणि आतल्या अस्तराचे धागे लोंबणारी जॅकेटे सापडत. मनासारखा कोट मात्र दिसत नव्हता. शेवटी भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या एका मावशींना मी नेमके काय शोधते आहे ते मोबाइलवरच्या छायाचित्रासह दाखवले. त्यांनी ते एकदाच पाहिले आणि म्हणाल्या, "ताई, असलं जड कापड आमच्या बोचक्यात येत नाही. घर रिकामं करताना जुन्या फर्निचरवाले सगळं उचलतात, त्यांना विचारा. कपाटाच्या आरशाला गुंडाळायला ठेवतात ते." कोणता जुना कपडा कुणाच्या हातात जातो याचे त्यांचे ज्ञान माझ्या सगळ्या वाचनापेक्षा उपयोगी ठरले.

जुने लोकरी कपडे मोठ्या प्रमाणावर पानिपतला जातात आणि तिथे त्यांचे तंतू पिंजून पुन्हा सूत व घोंगड्या तयार होतात, म्हणून एकदा गठ्ठा बांधला गेला की तो कोट संपलाच, हेही लक्षात ठेवायला हवे. मी नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पच्या बाजूला शोध सुरू केला, आणि त्यामागे कारण होते. एकोणिसाव्या शतकापासून तिथे ब्रिटिश फौजांची छावणी होती, मुंबई बंदरात उतरलेले आणि मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहणारे सैनिक तिथे राहत. १९४७ च्या फाळणीनंतर तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्रही पाकिस्तानात गेलेल्या काकूलहून तिथेच आले. शिवाय हवापालटासाठी बांधलेले जुने बंगले आता एकेक करून रिकामे होत आहेत.

एका व्यापाऱ्याच्या गोदामात, मावशींनी सांगितल्याप्रमाणेच, एका ड्रेसिंग टेबलाच्या आरशावर खाकी लोकर दोरीने आवळलेली दिसली. बटण एकही नव्हते, कारण पितळ मोडीत विकले जाते. तरीही ओळख पटायला बटणांची गरज पडली नाही. लष्करी कोटाची पितळी बटणे शिवलेली नसतात. बटणामागची कडी कापडातल्या, दोऱ्याने भक्कम केलेल्या गोल भोकातून आत घेऊन मागून रिंगने अडकवतात. ती भोके दोन्ही रांगांत शाबूत होती. आतल्या बाजूला पुसट झालेली, सरकारी मालावर असे तशी बाणाची खूण होती. साल वाचता येत नव्हते. शिवणीच्या आतून एक धागा काढून मी व्यापाऱ्याच्या परवानगीने जाळला : केस जळल्याचा वास आला आणि बोटांत चुरडली जाणारी राख उरली. पॉलिस्टर असते तर वितळून कडक गोळी झाली असती.

यानंतर कोट उन्हासमोर धरून कसर लागली आहे का ते पाहिले. कसरीचा पतंग काही खात नाही, नुकसान करतात त्या अळ्या, आणि त्यांना घामाचे डाग लागलेली लोकर विशेष आवडते. म्हणून कॉलरच्या खालची बाजू आणि बगला आधी तपासाव्यात, पाठ नंतर. कॉलरखाली भोके होती, पण खांदे आणि बाह्या धड होत्या. व्यापाऱ्याला कोटाचे मोल ठाऊक नव्हते. आरसा उघडा पडेल एवढीच त्याची तक्रार होती, तेव्हा ६०० रुपये आणि एक जुनी गोधडी यांवर सौदा झाला. घरी आणल्यावर तो इतर कपड्यांपासून दूर, उन्हात टाकून प्रत्येक शिवण ब्रशने झाडली, मग ड्रायक्लीन करून घेतला आणि कॉलर रफूगराकडे दिली. पाण्यात घालण्याचा सल्ला अनेकांनी दिला, तो मी मानला नाही. अशी लोकर आटली की नटाच्या अंगात शिरत नाही.

बटणांसाठी भांडी बाजारात मोडीच्या पितळेत शोधाशोध केली. तिथे दोन प्रकारची बटणे मिळाली : ब्रिटिश राजचिन्हाची, ज्यावर सिंह आणि एकशिंगी घोडा असतो, आणि प्रजासत्ताकानंतरची, अशोकस्तंभाची. १९४६ च्या हवालदाराला दुसरी चालत नाहीत. राजचिन्हाची बटणे पुढच्या दोन रांगांपुरतीच भरली, त्यामुळे पाठीच्या पट्ट्याला अशोकस्तंभाची बटणे लावली आहेत आणि दिग्दर्शकांनी हवालदाराला त्या अंकात प्रेक्षकांकडे पाठ करू न देण्याचे मान्य केले आहे.