नोंद सातवी: दोन सेकंदांचा अंधार

सापडलं एकदाचं! गेम खेळताना टीव्हीचा पडदा मधेच काळा का पडतो, हा सहा आठवडे डोकं खाणारा प्रश्न काल रात्री सुटला. मी सोडवला असं म्हणायला जीभ रेटत नाही, ताईने सोडवला. तिच्या लेखी टीव्हीच्या मागे असतात त्या सगळ्या "वायरी", हे आधीच सांगून ठेवतो.

ज्यांनी मागच्या नोंदी चाळल्यात त्यांना मांडणी ठाऊक आहे. पीसी टेबलाखाली, टीव्ही पलीकडच्या भिंतीवर, मध्ये भिंतीच्या कडेकडेने नेलेली ५ मीटरची एचडीएमआय केबल. ४के, १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं), प्रत्येक रंगाला १० बिट. गेम ऐन रंगात आला की पडदा काळा, आवाज बंद, दोन सेकंदांनी सगळं जणू काही झालंच नाही अशा थाटात परत. कधी तासाभरात चारदा, कधी तीन तासांत एकदाही नाही.

पाचव्या आणि सहाव्या नोंदीत मी ठासून सांगितलं होतं की हा बँडविड्थचाच (केबलमधून सेकंदाला किती डेटा जातो त्याचा) मामला आहे. पुरावाही होता. त्याच पीसीवरून, त्याच केबलवरून सिनेमा लावला की पडदा कध्धी जात नसे. २४ फ्रेमचा ४के एचडीआर सिनेमा ४:२:२ मध्ये (रंगाची माहिती अर्धी ठेवून) सेकंदाला ९ गिगाबिटच्या आत मावतो. ६० हर्ट्झला तेच १८ च्या काठावर जातं आणि १२० हर्ट्झ, १० बिट, पूर्ण रंग म्हटलं की सुमारे ४०. शिवाय तिथे सिग्नलची पद्धतच बदलते. टीएमडीएस या जुन्या पद्धतीत तारांच्या तीन जोड्या डेटा वाहतात आणि चौथीतून क्लॉक, म्हणजे ताल जुळवणारा सिग्नल, जातो. एफआरएल या नव्या पद्धतीत क्लॉकची ती जोडीही डेटाच्या कामाला जुंपतात, चार लेन, प्रत्येकी १२ गिगाबिटपर्यंत. म्हटलं, आपली केबल चौथ्या लेनला दम तोडत असणार. झालं, निदान पक्कं.

केबलवर संशय घ्यायला जागाही होती. खोक्यावर "८के", "४८ जीबीपीएस", "२.१" असं सगळं छापलेलं, पण क्यूआर कोडचं प्रमाणपत्राचं लेबल कुठेच नाही. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, "२.१ ची आहे सर, बिनधास्त घ्या." आता २.१ ची केबल असा प्रकार अधिकृतपणे नसतोच. आवृत्तीचा आकडा उपकरणांचा, केबलला फक्त दर्जाचं नाव: हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड (१८ गिगाबिट), अल्ट्रा हाय स्पीड (४८ गिगाबिट). आणि अल्ट्राचं लेबल स्कॅन करून तपासता येतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी घेतली, कारण वेणीदार कापडी आवरण दिसायला झकास होतं. त्या आवरणाचा आणि आतल्या शील्डिंगचा (बाहेरच्या लाटा अडवणाऱ्या धातूच्या वेष्टणाचा) काडीचा संबंध नाही, आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या टोकांचा तर चित्राशी त्याहून नाही.

तर या पक्क्या निदानाच्या जोरावर मी काय काय केलं ते ऐका. टीव्हीचे पोर्ट बदलले. माझ्या टीव्हीत १२० हर्ट्झ घेणारी दोनच पोर्ट, त्यातलं एक नेमकं ई-आर्कचं (टीव्हीचा आवाज साउंडबारला पाठवणारं), म्हणजे साउंडबार लावला की उरलं एक. (हे असं कोण ठरवतं देव जाणे.) एका रविवारी साउंडबार काढून पीसी ई-आर्कच्या पोर्टात खोचला आणि दिवसभर एकदाही पडदा गेला नाही. सहाव्या नोंदीच्या शेवटी मी विजयाची आरोळी ठोकली होती ती याच भरवशावर. सोमवारी रात्री तासाभरात पाचदा अंधार.

मग ६० हर्ट्झवर उतरलो. अंधार थांबला. पण एकदोनदा पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची एक रेघ चमकून गेली, पापणी लवायच्या आत. टीएमडीएसमध्ये बिट चुकले की असे ठिपके दिसतात. एफआरएलमध्ये चुका दुरुस्त करायची सोय असते, त्यामुळे एका हद्दीपर्यंत काहीच दिसत नाही आणि हद्द ओलांडली की चित्रच गुल, पुन्हा जुळणी होईपर्यंत काळोख. ठिपके बघूनही मी स्वतःला शाबासकीच दिली: बघा, केबल काठावर आहे! ते ठिपके कधी दिसले, तेव्हा मी काय करत होतो, हे लिहून ठेवायची बुद्धी झाली नाही.

काल रात्री ताई सोफ्यावर पुस्तक घेऊन बसली होती. मी खेळत होतो. पाणी आणायला उठलो, अंधार. शिव्या घालत परत आलो. थोड्या वेळाने चार्जर आणायला उठलो, अंधार. ताई पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "अरे, तू उठलास की टीव्ही जातो. मघाशीही तसंच झालं."

मी हसलो. मग उठून बघितलं. काळा.

खुर्ची! टेबलापाशी माझी गॅसच्या दांड्यावर वरखाली होणारी ऑफिसची खुर्ची आहे. तिच्यावरून उठलं की आतल्या धातूच्या भागांमध्ये स्थिर विजेचा झटका बसतो आणि त्यातून क्षणभराची विद्युतचुंबकीय लाट बाहेर पडते. केबलचं शील्डिंग कच्चं असेल तर ती लाट थेट सिग्नलमध्ये घुसते. मॉनिटरवाल्यांच्या जगात हे जुनंच दुखणं आहे, मीही कधीतरी वाचून "काहीतरीच" म्हणून सोडून दिलं होतं. माझी केबल खुर्चीच्या मागून वीतभर अंतरावरून जाते. आणि सिनेमे? ते मी सोफ्यावर बसून बघतो! खुर्ची रिकामी असते. तो अख्खा रविवार धो धो पाऊस होता, हवेत ओल असली की स्थिर वीज साठत नाही, म्हणून ई-आर्कच्या पोर्टाला फुकटचं श्रेय मिळालं. माझं बँडविड्थचं निदान अगदीच खोटं नव्हतं म्हणा. वेग जितका जास्त तितकी सिग्नलची सहनशक्ती कमी, म्हणून ६० ला नुसते ठिपके आणि १२० ला थेट अंधार. पण मूळ चोर खुर्चीत बसला होता, म्हणजे खुर्चीच होती.

मग रात्री साडेअकराला शाळेतल्या शिक्षेसारख्या उठाबशा. ताई मोजायला. २० उठाबशांत ७ अंधार. क्लिपवाले फेराइटचे (नको ते विद्युत सिग्नल शोषणारे) दोन मणी केबलच्या टोकांना लावले: २० मध्ये ६. म्हणजे शून्य उपयोग, निदान माझ्याकडे तरी. केबल खुर्चीपासून दीड मीटर लांब ओढली: २ अंधार. खुर्ची बाजूला सारून लाकडी स्टुलावर बसलो: शून्य.

आता पुढचा बेत. ठरलेला होता ऑप्टिकल एचडीएमआय केबलचा, १० मीटर, नळीतून. वेगवान लेन प्रकाशातून जातात, तिथे खुर्चीने कितीही ठिणग्या उडवल्या तरी फरक पडू नये. अशा केबलला दिशा असते, "सोर्स" लिहिलेलं टोक पीसीकडे, "डिस्प्ले" टीव्हीकडे, हे नळीत ओढायच्या आधी दोनदा बघणार होतो. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं की बहुतेक ऑप्टिकल केबलींमध्ये हॉट-प्लग (केबल लागल्याची खूण), ईडीआयडी (टीव्हीच्या क्षमतेची माहिती) आणि एचडीसीपीची (कॉपी-संरक्षणाची) देवाणघेवाण तांब्याच्याच तारांवरून चालते. झटका तिथे शिरला तर? टीव्हीला वाटणार केबल उपसली, पुन्हा अंधार. मग एवढा खटाटोप कशाला? केबल पीसीपर्यंत न्यायची, त्याऐवजी पीसीच टीव्हीखाली नेला तर? कीबोर्ड आणि माऊस लांबच्या यूएसबीवर चालतील, त्यांना ४० गिगाबिट लागत नाहीत.

थांबा, साउंडबारला लेबलवाली अल्ट्रा हाय स्पीड लावलेली आहे, २ मीटरची. आत्ताच उपसून बघतो.

बघितलं. पीसी ओढत टीव्हीपाशी नेला, खुर्ची केबलला खेटून ठेवली, ४० उठाबशा. शून्य अंधार. गुडघे गेले, पण शून्य! लांबी कमी झाली म्हणून की शील्डिंग चांगलं म्हणून, हे यातून कळत नाही, दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या. त्यासाठी लेबलवालीच ५ मीटरची हवी. तीही मागवतो, आता चैन पडणार नाही.

या सगळ्या धबडग्यात एक छोटा आनंद राहून गेला. जुना कॅमकॉर्डर अखेर टीव्हीवर दिसला. ३.५ मिलिमीटरच्या पिनेपासून पिवळा-पांढरा-लाल फुटणारी केबल, पिवळा पिवळ्यात लावला की नुसती घरघर. या चार कड्यांच्या पिनेत कुठल्या कडीवर चित्र आणि कुठल्या कडीवर ग्राउंड हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. लाल प्लग पिवळ्या सॉकेटात खोचला आणि चित्र आलं, पण कृष्णधवल. टीव्हीत कंपोझिटचं (सगळं चित्र एकाच तारेतून) पिवळं आणि कॉम्पोनंटचं (चित्र तीन तारांत विभागून) हिरवं सॉकेट एकच, आणि मेनूत कॉम्पोनंट निवडलेलं होतं. बदललं, आणि ताईचा फिका गुलाबी फ्रॉक पडद्यावर उमटला. तेवढ्यापुरतं तिने पुस्तक मिटलं.

साउंडबारची केबल पीसीला गेल्यामुळे नवी येईपर्यंत आवाज टॉसलिंकवरून, म्हणजे प्रकाशातून आवाज नेणाऱ्या केबलवरून. (टोकावरचं पारदर्शक टोपण काढायला याही वेळी विसरलो.) म्हणजे तोवर संकुचित ५.१ (सहा चॅनलच्या) आवाजावरच भागवायचं, आणि खुर्ची ताईने आपल्या खोलीत नेली आहे.