मेळघाटात नेत्रतपासणी: परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या पथकांसाठी

परतवाडा सोडलं की सेमाडोह, हरिसाल करत धारणीपर्यंत घाटच घाट. वाटेत मोबाईलची रेंज जाते ती बऱ्याच ढान्यांवर, म्हणजे छोट्या वस्त्यांवर, येतच नाही. त्यामुळे डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे फोटो शहरात पाठवून तिथल्या तिथे निदान मागवायचा बेत करू नका. फोटो वाचणारा माणूस गाडीतच हवा.

आमचं पथक होळीनंतर गेलं. दिवाळीनंतर बरीच कोरकू कुटुंबं मजुरीला बाहेर पडतात आणि होळीला गावी येतात. ऐन फगव्यात, म्हणजे होळीच्या सणाच्या दिवसांत, तपासणीला कोणी येत नाही. तो आटोपला की लोक कामावर परतण्याआधीचे मोजके दिवस हाताशी असतात. आशाताईंना तारीख आधी कळवा, भुमकांनाही (गावचे पारंपरिक वैदू) जाऊन भेटा. त्यांनी 'जा' म्हटलं की म्हातारी माणसंही येतात.

दृष्टी तपासायला शाळेचा व्हरांडा उत्तम. 'ई' चा तक्ता डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि 6 मीटर अंतर टेपने मोजून जमिनीवर खडूने रेघ मारा. रांग पुढे सरकते, रेघ जागेवर राहते. एक डोळा बोटांनी झाकला की फटीतून दिसतं, म्हणून तळहातानेच झाकायला सांगा. 6/18 ची ओळ वाचता आली नाही तर पिनहोलमधून (बारीक छिद्राच्या पट्टीतून) पुन्हा वाचायला लावा. सुधारणा झाली तर बहुधा चष्म्याचं काम आहे. नाही झाली तर मोतीबिंदू किंवा पडद्याचा आजार शोधायचा.

बाहुली मोठी करणारे ट्रॉपिकामाइडचे थेंब टाकण्याआधी कानशिलाच्या बाजूने बॅटरीचा उजेड टाका. बुबुळाच्या नाकाकडच्या भागावर सावली पडली तर डोळ्याचा कोन (आतलं पाणी बाहेर जायची वाट) अरुंद असण्याची शक्यता असते आणि थेंबांनी डोळ्यातला दाब एकदम चढू शकतो. अशा माणसाला थेंब न टाकता नेत्रतज्ज्ञाकडेच पाठवा. बाकीच्यांना 20 ते 30 मिनिटं बसवा. मधुमेह असलेल्यांची बाहुली हळू उघडते, तिथे घाई केली तर फोटो काळा येतो. पुढचे चार-सहा तास धूसर दिसतं, म्हणून घरी न्यायला सोबत कोणीतरी हवं.

कॅमेऱ्याची खोली पूर्ण अंधारी हवी. खिडक्यांना काळं कापड आणि दारालाही दुहेरी पडदा लावा. प्रत्येक डोळ्याचे दोन फोटो घ्या, एक दृष्टिचेतेची चकती (ऑप्टिक डिस्क) मध्यभागी ठेवून आणि एक पीतबिंदू (मॅक्युला) मध्यभागी ठेवून. कडेला राखाडी चंद्रकोर दिसली तर बाहुली लहान आहे किंवा कॅमेऱ्याचं अंतर चुकलंय. सगळ्यांच्या फोटोत एकाच जागी ठिपका आला तर तो आजार नाही, भिंगावरची धूळ आहे. धूसर फोटो 'नॉर्मल'मध्ये टाकू नका. त्यामागे अनेकदा मोतीबिंदू असतो, त्यामुळे तो माणूसही पुढे पाठवायचाच. सिकलसेलचे रुग्ण आले तर नुसत्या फोटोवर विसंबू नका. त्यांच्या पडद्यातले बदल कडेला असतात आणि मधल्या फोटोत ते येत नाहीत.

मुलांच्या आईला विचारा, 'अंधार पडल्यावर मूल धडपडतं का?' डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग दिसला तर 'अ' जीवनसत्त्वाच्या उपचारासाठी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवा.

नोंदवहीत कासदेकर, बेठेकर, जांबेकर ही आडनावं पानापानावर येतात. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, ढाना आणि एक क्रमांक लिहा. तोच क्रमांक फोटोच्या फाईलला द्या.

सगळ्यात जास्त माणसं गळतात ती तपासणी आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांच्या मधे. जिल्हा रुग्णालयापर्यंत गेलेला माणूस रक्तदाब किंवा साखर वाढली म्हणून परत आला की दुसऱ्यांदा निघत नाही. त्याची मजुरी बुडालेली असते आणि घरची गुरंही कुणाच्या तरी भरवशावर सोडलेली असतात. म्हणून शिबिरातच रक्तदाब आणि साखर मोजा. नाकाजवळची अश्रुपिशवी दाबून पू येतो का तेही पहा, कारण पू आला तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. यातलं काही निघालं तर त्याची औषधं आधी सुरू करा आणि गाडीची तारीख त्यानंतरची ठरवा. तारीख, गाडी कुठे थांबणार आणि सोबत कोण येणार, हे तिघं-चौघं ऐकत असताना सांगा. आजीबाईंशी बोलायला कोरकू बोलणारी आशाताई जवळ हवीच.

शस्त्रक्रियेनंतर परतीच्या घाटात ओकारीचा त्रास होतो आणि उलटीच्या जोराने डोळ्याच्या ताज्या जखमेवर ताण येतो. डॉक्टरांना विचारून निघण्याआधी उलटीची गोळी द्या, रुग्णाला पुढच्या सीटवर बसवा आणि अंधार पडायच्या आत ढान्यावर पोचवा. थेंबांची बाटली आणि टाकायच्या वेळा आशाताईंच्या हाती द्या. दुसऱ्या डोळ्याची तारीखही त्यांच्याच वहीत लिहून या.