बुडीतली बाभळ

धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात आहे, एवढं पुरे. भरल्या वर्षी रविवारी तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही. मी एरवी जाळं टाकतो आणि पावसाळ्यानंतर ठेकेदाराची बोट चालवतो. दसऱ्याच्या सुट्टीतला एक रविवार अजून डोक्यातून जात नाही.

बोटीचं खरं काम काठावरच होतं. बसणाऱ्यानं लाइफ जॅकेट घातलं की मी खांद्याचे दोन्ही पट्टे धरून वर ओढतो. जॅकेट कानापर्यंत आलं, तर पाण्यात माणूस खाली जाईल आणि जॅकेट एकटंच तरंगेल. दर शनिवारी एकेका जॅकेटला पाच किलोचं लोखंडी माप बांधून काठालगत सोडतो. तासाभरात बुडालं तर ते बाद. गेल्या हंगामात नऊ बाद केली. ठेकेदारानं त्यातली सहा पट्टे शिवून परत खुंटीला लावली. ती मी रात्री कोयत्यानं फाडून टाकली, आणि त्याचे पैसे माझ्या मजुरीतून गेले.

दुसरी गोष्ट पाण्याखालची. ती मला पाठ आहे, कारण मी हे धरण कोरडं पाहिलंय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. तेव्हा आमच्या तळात हात जाईल एवढ्या भेगा होत्या. जुनी गाडीवाट, दोन विहिरी, नाल्याकडच्या बाभळी, सगळं उघडं पडलं होतं. जाळी फाटतात म्हणून आमच्या मच्छीमार संस्थेनं त्या उन्हाळ्यात बाभळी तोडल्या. माझ्या वाट्याला चार आल्या. तीन तोडल्या. चौथीखाली शेळ्या बसायच्या, अख्ख्या तळात तेवढीच सावली होती. ती राहिली. पुढं पाण्यात उभी वाळली, पण पडली नाही.

त्या रविवारी दुपारभर ऊन तापलं आणि साडेतीनला वारं एकदम पडलं. पाणी तेलासारखं गुळगुळीत झालं. फोटो काढणाऱ्यांना नेमकं असंच पाणी आवडतं, आणि मला त्याचीच धास्ती. परतीच्या पावसाचा ढग फुटण्याआधी असंच होतं. आधी सगळं गप, मग ढगाखालून गार वाऱ्याचा लोट येतो आणि पाऊस त्याच्या मागून. बगळे मधल्या टेकडीवरून काठाकडं निघाले होते.

लातूरकडचं एक कुटुंब उभं होतं. नवरा-बायको, दोन लेकरं, म्हातारी आई. टेकडीपर्यंत जायचं म्हणत होते. मी म्हणालो, "दादा, आता नको. वारं सुटायच्या बेतात हाय." काउंटरवरचा मॅनेजर म्हणाला, "पावती फाडलीय. वीस मिनिटात येशील की." मी दोर सोडला. सुकाणू माझ्या हातात होतं, मॅनेजरच्या नव्हे.

अर्ध्या वाटेवर लोट आला. इंजिन जोरात फिरवलं तर खाली कुणाच्या तरी सुटलेल्या जाळ्याची नायलॉन दोरी पंख्यात गेली. इंजिन बंद. बोट वाऱ्याला आडवी झाली आणि लाट आत यायला लागली. दादा उठून उभे राहिले, ताई लेकरांकडं झुकल्या, बोट एका अंगाला कलली. मी ओरडलो, "खाली बसा, तळाला बसा!" सगळ्यांच्या आधी म्हातारी खाली बसली. दोन्ही लेकरं तिनं मांडीखाली दाबली.

लंगर टाकून उपयोग नव्हता, आमच्या गाळात तो शेतातल्या नांगरासारखा ओढत येतो. धरायला एकच जागा होती. देवळाचा झेंडा आणि विमोचकाचा, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या दाराचा, बुरूज एका रेघेत आले, आणि डावीकडं डोंगराची खिंड उघडली, की त्या रेघेवर ती बाभळ. वारं आम्हाला त्याच बाजूला नेत होतं. वल्ह्यानं फक्त तोंड वळवत राहिलो. खुणा जुळल्या तसा बांबू खाली घातला. पहिल्यांदा काहीच लागलं नाही. दुसऱ्यांदा खट्ट झालं. पुढचा दोर फांदीत अडकवून फास ओढला आणि बोटीचं नाक वाऱ्याकडं फिरलं. लाट आता नाकावर फुटून दोन बाजूंनी जायला लागली.

वीस-पंचवीस मिनिटं तसेच बांधलेले होतो. पलीकडच्या डोंगरावर विजा पडत होत्या, आणि पाण्यावर उंच असं आमच्याशिवाय काही नव्हतं. सगळ्यात जास्त त्याचंच भ्या वाटलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. म्हातारी डब्यानं पाणी उपसत होती. तिनं विचारलं, "लेकरा, हितं झाड हाय हे तुला कसं ठावं?" मला बोलता आलं नाही.

वारं ओसरल्यावर ओला फास सुटेना. दोर कापला आणि वल्हवत आलो. दादांनी पैसे परत मागितले, त्यांचे हात कापत होते. त्यांचा मला राग नाही. मॅनेजर म्हणाला, "काही झालं तर नाही ना?" ते वाक्य मात्र अजून टोचतंय. त्या दिवसापासून बगळे उठले की मी दोर सोडत नाही, पावती फाडलेली असो नाहीतर नसो. तीन वेळा भांडण झालंय.

गेल्या आठवड्यात संस्थेच्या बैठकीत ठरलं, उन्हाळ्यात उरलेली खोडंही काढायची. जाळी फाटून ज्यांचं नुकसान झालंय त्यांचं खोटं नाही, माझंही एक जाळं त्याच बाभळीवर गेलंय. मी म्हणालो, ती एक सोडा, तिला मी पिवळा डबा बांधतो, लांबून दिसेल. कुणी हो म्हणालं नाही.

पाणी रोज थोडं थोडं उतरतंय. परवा चप्पू, म्हणजे आमचा लहान तराफा, घेऊन तिकडं गेलो होतो. फांदीचं टोक वितभर वर आलंय, आणि कापलेला दोर अजून तिच्या गळ्यातच आहे.