राइडिंग मोवर घेताय? आधी फाटक मोजा, मग डेक ठरवा

इकडे नॉर्थ कॅरोलायनात रालीच्या बाहेर घर घेतलं ते पाऊण एकरावर, म्हणजे आपल्या हिशोबाने ३० गुंठे. घर, ड्राइव्हवे, झाडं सोडली तर २० गुंठे निव्वळ गवत. एक उन्हाळा ढकलायच्या मोवरने, म्हणजे गवत कापायच्या यंत्राने काढला, मग ठरवलं की आता बसून चालवायचाच घ्यायचा, आणि आवार मोठं म्हणून डेकपण मोठं असं धरून चाललो आणि गाव सोडून जाणाऱ्या एकांकडून ५४ इंची डेकचा जुना मोवर आणला. त्याने दोन सीझन इतका त्रास दिला की सध्या जे कोणी मोवर बघतायत त्यांच्यासाठी हे लिहितेच आहे.

डेक म्हणजे सीटखाली असतं ते उपडं पत्र्याचं कवच, ज्यात पाती फिरतात. इंचाचा आकडा म्हणजे एका फेरीत किती रुंद पट्टा कापला जाणार. आता बघा, ताशी ४ मैलाने चालवलं तर अर्ध्या एकराला ४२ इंचीला कागदावर १८ मिनिटं लागतात आणि ५४ इंचीला १४. वळणं आणि पट्ट्यावर पट्टा धरून दोन्हीकडे वेळ वाढतो, पण आपल्या आवाराला फरक पडतो तो काही मिनिटांचाच.

आणि त्या मिनिटांपायी माझं काय झालं, तर मागच्या अंगणाचं फाटक ४८ इंची. मोवर आत जाईचना! दर आठवड्याला कुंपणाची एक फळकूट चौकट स्क्रू काढून उतरवायची, काम झालं की परत लावायची. त्यावर्षी बाबा साताऱ्याहून आले होते, ते दोन दिवस नुसते बघत होते, मग सुतळी घेऊन फाटकाला लावली, गाठ मारली आणि म्हणाले, "अगं, कुळवाची फास रान बघून घेतात, तू हे काय बघून घेतलंस?" मग नवा मोवर बघायला दुकानात जाताना मी तीच सुतळी नेली. बरं झालं नेली, कारण ४२ इंचीसुद्धा गवत बाहेर फेकणाऱ्या च्यूटसकट ५२ इंच भरलं, च्यूट वर उचलली तर ४५. म्हणजे फाटकातून ब्लेड बंद करून, च्यूट उचलून न्यायचा. च्यूट वर ठेवून पाती मात्र कधीच चालवू नका, दगड गोळीसारखा उडतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. आमच्याकडे ओकच्या मुळांनी उंचवटे झालेत. रुंद डेक ताठ असतं, ते जमिनीबरोबर वाकत नाही, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरी कड उंचवट्यावर घासते आणि गवत पार मुळापर्यंत तासलं जातं. डेकच्या कडेची छोटी चाकं थोडं सांभाळतात, सगळं नाही. माझ्याकडे ओकखाली हातभर रुंद लाल पट्टा पडला, कोकणातल्यासारखी लाल माती उघडी, आणि पहिल्या पावसात ती वाहून ड्राइव्हवेवर. बर्म्युडा जातीचं गवत असतं तर आपोआप पसरून भरलं असतं, पण आमचं टॉल फेस्क्यू जातीचं, ते झुपक्याने वाढतं, धावत नाही. सप्टेंबरमध्ये नव्याने बी टाकावं लागलं. म्हणूनच आता गवत ३ ते ४ इंच उंचीवरच ठेवते, त्याच्या खाली नाही.

पत्र्याचं थोडक्यात सांगते. स्टॅम्प्ड डेक एकाच पत्र्याला दाबून केलेलं, हलकं, आतून गोलाकार. फॅब्रिकेटेड म्हणजे जाड प्लेटा वेल्ड केलेल्या, वजनदार, दगडधोंड्यांच्या जागेला चांगलं. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, यात बरेच जण फसतात. अर्ध्या एकराला स्टॅम्प्ड पुरतं असं माझं ठाम मत आहे, फक्त ओलं गवत आत चिकटून राहू देऊ नका, पत्रा गंजतो तो तिथूनच. मी इंजिनाच्या स्पार्क प्लगची वायर काढून लाकडी पट्टीने खरवडते.

नवीन ४२ इंची आणल्यावर सपाट काँक्रीटवर उभा करून डेकची पातळी बघा, पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित खाली हवी, किती ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. माझ्या मोवरची डावी बाजू दुकानातूनच खाली आली होती, आणि पहिल्याच कापणीत पट्ट्यांना पायऱ्या पडलेल्या दिसल्या.