रेच्याचा आवाज आणि सातवी पास

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी वीजतंत्री व्यवसायाचा निदेशक आहे. गेल्या डिसेंबरात, कापसाचा हंगाम ऐन भरात असताना, एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, घडलेला प्रसंग अजून माझ्या मनातून जात नाही.

संध्याकाळी सातच्या सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो त्या जिनिंगमध्ये कंट्रोल पॅनेल सांभाळतो. एक रेचा, म्हणजे सरकी वेगळी करणारे यंत्र, सकाळपासून वारंवार बंद पडत होता, पॅनेलवाल्या कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवसाआधी येणार नव्हता, आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या.

डबल रोलर रेच्यात चामड्याच्या चकत्यांचे दोन रूळ फिरतात. त्यांच्या खरखरीत पृष्ठभागाला रुईचे तंतू चिकटून स्थिर सुरीखालून ओढले जातात आणि मधली हलती सुरी सरकीला ठोकून वेगळी करते. पूर्वी प्रत्येक रेच्यापाशी बाया टोपलीने कापूस टाकत असत. २००० साली केंद्र सरकारचे कापूस तंत्रज्ञान अभियान आले, त्यानंतर कापूस वाहून नेणाऱ्या हवेच्या नळ्या आणि तो रेच्यात सोडणारे स्वयंचलित फीडर आले, आणि त्या बायांचे काम संपले. रुई स्वच्छ निघू लागली हे खरे आहे. पण त्या बायांपैकी ज्या माझ्या ओळखीच्या आहेत त्या आज किलोच्या दराने कापूस वेचतात, आणि अभियानाच्या यशाबद्दल बोलताना त्यांचा विषय काढलेला मी आजवर ऐकलेला नाही.

फीडर मोटरच्या करंटवर लक्ष ठेवतो. करंट वाढला की रेच्यावर ताण आला असे समजून तो कापूस कमी सोडतो, आणि मर्यादा ओलांडली की मोटर बंद होते. माझ्या त्या विद्यार्थ्याने, त्या मुलाने, करंट मोजणारा सेन्सर खराब मानून तो बदलला होता, तरीही दोष कायम होता. मी तारेभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. मोटर ५ हॉर्सपॉवरची, पाटीवर ७.५ अँपिअर लिहिलेले, आणि मीटर १० दाखवत होता. म्हणजे पॅनेल पहिल्यापासून खरे सांगत होते. मग मी मोटरचे बेअरिंग उघडायला सांगितले, आणि ते उघडले असते तर रात्र वाया गेली असती.

तेवढ्यात तेल घालणारे एक काका जवळ आले. वय ५२, त्यातली २८ वर्षे रेच्यांवर गेलेली. ते क्षणभर ऐकत उभे राहिले, रेच्याच्या अंगावर तळहात ठेवला आणि म्हणाले, “मोटर बरोबर आहे सर. रूळ एका आंगानं दाबून रायला. चामडं जळल्याचा वास येते.” दोन दिवसांपूर्वी रुळावर नव्या खाचा पाडल्या होत्या, परत बसवताना एका टोकाचा दाब जास्त राहिला होता. हे त्यांनी सकाळीच सुपरवायझरला सांगितले होते, आणि तेलाचे काम बघा असे उत्तर मिळाले होते. झाकण काढले तेव्हा त्या टोकाचे चामडे काळे पडून चकाकत होते आणि तिथली रुई पिवळसर झाली होती. जिनिंगमधली आग ज्याने पाहिली आहे त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. दाब सारखा केला आणि करंट सातच्या खाली आला.

मालकांनी मला आणि मुलाला ऑफिसात बोलावून चहा पाजला. काका तेलाची बुधली घेऊन पुढच्या रेच्याकडे गेले.

मुलाला काकांच्या जवळजवळ दुप्पट पगार आहे. तो त्याने मेहनतीने मिळवला आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. मजुराच्या घरातला मुलगा दोन वर्षांच्या शिक्षणाने घर चालवू लागला, याहून मोठे समाधान माझ्या नोकरीत नाही. पण पॅनेलचे म्हणणे खरे धरून यंत्राकडे वळायला मी त्याला शिकवले नव्हते. ज्या तालुक्याचे पोट रेच्यांवर चालते तिथल्या आमच्या कार्यशाळेत मोटरी आहेत, स्टार्टर आहेत, एकही रेचा नाही. आणि ज्यांच्या तळहाताला हे ज्ञान आहे, ते काका हजेरीपटावर ‘अकुशल’ आहेत.

पुढच्या आठवड्यात ते संस्थेत आले. पॅनेलवरची अक्षरे शिकायची होती. मी त्यांना मीटर धरायला शिकवले, एका तासात त्यांनी तिन्ही फेजचा करंट बिनचूक मोजला. मग प्रवेशाचा विषय निघाला. फिटर व्यवसायाला वयाची वरची अट नाही, दहावीची आहे. काका सातवी पास आहेत. पूर्वीच्या कौशल्याला मान्यता देणारे अल्प मुदतीचे प्रमाणपत्र निघते, म्हणून मी मालकांना विचारले. त्यावर पगार वाढणार नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले.

आता सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला बाहेरून बसायचे ठरले आहे. शाळा सोडल्याचा दाखला आणायला काका गावी गेले आहेत. दहावी एका वर्षात निघाली आणि पुढची दोन वर्षे अडथळ्याविना गेली, तरी कागद हातात येईल तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे असतील, आणि ती दोन वर्षे दिवसा वर्गात बसायचे तर घर कशावर चालेल, हे त्यांनी मला विचारले आहे.