पहाटे साडेतीन ते रात्री अकरा

डिसेंबरचा दुसरा आठवडा. नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन चालू, लग्नाची दाट तिथी, वर पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या सफारीचा हंगाम. रामदासपेठेजवळच्या आमच्या ४० खोल्यांच्या हॉटेलात त्या दिवशी एकही खोली रिकामी नव्हती आणि ड्यूटी मॅनेजर मी.

साडेतीनला तिसऱ्या मजल्यावरच्या परदेशी जोडप्याचा वेकअप कॉल. पेंचचं सिल्लारी गेट साधारण ७० किलोमीटर, म्हणजे सव्वाचारला गाडी हलायला हवी. गाडी पोर्चमध्ये लागली तेव्हा काउंटरचा ड्रॉवर उघडला, तर दोघांचे पासपोर्ट आतच. संध्याकाळच्या पाळीतल्या मुलानं परदेशी पाहुण्यांच्या नोंदणीचा सरकारी फॉर्म भरायला ठेवून घेतलेले. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत तो फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, हे बरोबर. पण त्यासाठी पासपोर्ट रात्रभर अडकवायची गरज नाही. पासपोर्टचं आणि व्हिसाचं पान स्कॅन करायचं आणि हातोहात परत द्यायचं. सफारीच्या गेटवर परमिटवरचं नाव मूळ ओळखपत्राशी ताडून बघतात, तिथे झेरॉक्स दाखवून भागत नाही.

नाश्त्याचा डबाही मी उघडून पाहिला. काकडी-टोमॅटोचं सँडविच चार तासांत ओलं गच्च होतं, आणि उकडलेल्या अंड्यांचा वास बंद गाडीत कोणालाच नको असतो. त्याऐवजी बटर-चटणीचं सँडविच, केळी, चार संत्री. सगळं कागदात बांधलेलं, प्लास्टिकची पिशवी नाही.

पावणेसहाला दुसऱ्या मजल्यावरून फोन. "भाऊ, पाणी बरफासारखं येऊन राह्यलं. नवरदेवाचे काका आहो आम्ही!"

लग्नाच्या १६ खोल्या होत्या. कागदावर खोलीत तीन माणसं, प्रत्यक्षात चार, कधी पाच. हिशेब साधा आहे. शॉवरला मिनिटाला ८-९ लिटर पाणी जातं. दहा मिनिटांच्या आंघोळीला ९० लिटर धरा, त्यातलं निम्मं गरम. सोलरची टाकी २००० लिटरची, म्हणजे चव्वेचाळीसाव्या आंघोळीला ती संपते. तेच बादलीनं केलं तर माणशी दहा लिटर गरम पाण्यात भागतं. शिवाय आदल्या दिवशी ढग होते, म्हणून टाकी मुळात कोमटच. बॅकअपचा हीटर १२ किलोवॅटचा, आणि २००० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला त्याला जवळपास ४ तास लागतात. तो पाचला चालू केला होता. एकला करायला हवा होता. आता इलाज एकच. किचनमधले दोन मोठे गंज, म्हणजे पातेली, भट्टीवर चढवले, म्हाताऱ्यांच्या आणि लेकरांच्या खोल्यांत बादल्या पोचवल्या, बाकीच्यांना तर्री-पोहे आधी दिले आणि आंघोळ नंतर. पोह्यांपुढे बारातीही नरमतात.

बुकिंग घेताना आम्ही किती जण, किती दिवस, एसी की नॉन-एसी एवढंच विचारतो. माझ्या मते पहिला प्रश्न 'सकाळी किती वाजता निघणार?' हाच हवा. सफारीवाला सव्वाचारला, लग्नवाले सगळे एकदम सहाला, आमदारांचे पीए साडेआठला कडक इस्त्रीच्या कपड्यांत. दवाखान्यातल्या माणसांना मात्र वेळच नसते.

१०३ मधल्या आजी गोंदियाच्या. धंतोलीत गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, टाके निघेपर्यंत जवळपास राहायचं. मुलानं फोनवर 'तळमजला द्या' एवढंच सांगितलं होतं आणि आम्हीही तेवढंच दिलं होतं. अकराला त्या वॉकर घेऊन आल्या आणि बाथरूमच्या दारातच अडकल्या. दार २४ इंचांचं, वॉकर जेमतेम तेवढाच, त्यात दाराची फळी आत उघडणारी. सुताराला बोलावून फळी बिजागऱ्यांतून काढली आणि पडदा लावला. दीड-दोन इंच तिथेच मिळाले.

कमोड जमिनीपासून १६ इंच. नव्या गुडघ्याला एवढं खाली बसणं जमत नाही, आणि बसलं तरी उठणं त्याहून अवघड. सर्जिकलच्या दुकानातून उंची बदलता येणारी कमोडखुर्ची भाड्यानं आणली, १९ इंचांवर लावली. पलंगावर हाउसकीपिंगनं आणखी एक फोमची गादी टाकली. नेमकं चुकलं. मऊ गादीत माणूस रुततो, उंची वाढूनही उपयोग शून्य. ती काढून काथ्याची टाकली. सोफा बाहेर, दोन हातांची खुर्ची आत. पायपुसणी सगळी उचलली, कारण वॉकरचा पाय पहिल्यांदा त्यातच गुंततो.

आजी बसून बघितल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. "आता जमते बापा," म्हणाल्या.

संध्याकाळी वरातीचा बँड निघाला तेव्हा मी वरपक्षाच्या एकाच माणसाशी बोललो: वळणापर्यंत वाजवा, १०३ च्या खिडकीखाली नको. असा एकच माणूस आधी ठरवून घ्यावा, बिलावर सहीही त्याचीच. नाहीतर रात्री चाळीस कोल्ड्रिंक कोणी मागवले यावर भांडण होतं. दहानंतर लाउडस्पीकर तसाही बंद.

अकराला पीए परतले, भुकेले. तंदूर बंद झाला होता. आजींसाठी कमी तिखटाची मुगाची खिचडी टाकली होती, तिच्यावर तूप आणि भाजलेला पापड देऊन त्यांचं जेवण झालं. त्यानंतर मी काउंटरमागच्या फळ्यावर उद्याचं लिहिलं: हीटर रात्री १ ला. ३०४, चेकआउट ५ ला. १०३, सकाळी साफसफाईला बेल वाजवू नये.